आधी वराचे रक्त तपासा

पुण्याच्या नारायण पेठेतून सायंकाळच्या वेळी जो कोणी चालत जाईल, त्यास जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतींवर अभ्यासिकांच्या पाट्या दिसतील आणि खानावळींच्या दारांत पाळीची वाट पाहत उभे असलेले तरुण दिसतील. लोकसेवा आयोगाच्या परीक्षांसाठी गाव सोडून आलेली ही मुले होत. एकेका खोलीत चार-पाच कॉट टाकून ती राहतात. त्यांत मराठवाड्यातील आहेत, खानदेशातील आहेत. आणि नागपूर, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून आलेली आमची बौद्ध मुले व मुलीही आहेत. ज्या शहरात पेशवाईच्या काळी आमच्या पूर्वजांच्या सावलीचाही विटाळ मानला गेला, त्याच शहराच्या मध्यवस्तीत आज त्यांचे वंशज राज्यघटनेची कलमे पाठ करीत बसले आहेत, हे पाहून कोणाही विचारी माणसास समाधान वाटावे.

परंतु या मुलांपैकी काहींच्या बरोबर डोळ्यांना न दिसणारी एक गोष्टही पुण्यास आलेली असते. ती त्यांच्या रक्तात असते, आणि बहुतेकांस तिचा पत्ता नसतो.

गेल्या हिवाळ्यात अशा एका तरुणाची व आमची गाठ पडली. थंडी वाढली की त्याच्या हातापायांची हाडे असह्य ठणकत, डोळे पिवळसर दिसत, चार पायऱ्या चढताच दम लागे. खोलीतील सोबत्यांनी वाताचे निदान केले. एका दवाखान्यात वेदना थांबविण्याच्या गोळ्या मिळाल्या, दुसऱ्या ठिकाणी काविळीचे औषध. गोंदियाकडून आलेल्या मुलाला सिकलसेल असू शकेल, असा संशय पुण्यात कोणासच आला नाही. अखेर रक्ताची पूर्ण तपासणी झाली आणि तो सिकलसेलग्रस्त असल्याचे निष्पन्न झाले. त्याने अहवालाची घडी करून ती पुस्तकात ठेवली व घरी एक अक्षरही कळविले नाही. आम्ही कारण विचारले तेव्हा तो म्हणाला, "बहिणीची सोयरीक जमत आली आहे. हे कळले तर मोडेल."

आम्ही त्यास सांगितले की, बाबा रे, तुझ्यात हा आजार आहे याचा अर्थ तुझी आई व तुझे वडील दोघेही त्याचे वाहक आहेत. तुझी बहीण स्वतः निरोगी असली, तरी ती वाहक असण्याचा संभव तीनांत दोन इतका आहे. तू गप्प राहिलास तर तिचे लग्न होईल, पण तिचा नवराही वाहक निघाला तर तुझे दुखणे तिच्या मुलांच्या वाट्याला येऊ शकेल. तेव्हा त्याने वडिलांस कळविले. बहिणीची तपासणी झाली. ती वाहक निघाली. घरच्यांनी काहीही न लपविता वरपक्षास ते सांगितले आणि मुलाचेही रक्त तपासावे अशी विनंती केली. उत्तर आले, "आमच्या मुलाच्या रक्तात काय असायचे आहे? दोष तुमच्या घरात निघाला आहे." सोयरीक मोडली. दोन्ही घरे बौद्ध होती. दोन्ही घरांत भगवान बुद्धांची व बाबासाहेबांची तसबीर होती.

या एका वाक्यात जे अज्ञान व जो अन्याय भरला आहे, त्यासंबंधी चार शब्द लिहिणे आम्हास अवश्य वाटते.

प्रथम या आजाराचे स्वरूप समजून घेऊ. आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन नावाचे द्रव्य असते व ते प्राणवायू शरीरभर पोचविते. निरोगी पेशी गोल व लवचिक असते. सिकलसेलच्या आजारात प्राणवायू कमी पडताच ती विळ्यासारखी वाकडी व ताठर होते. अशा पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मग हाडांत कळा येतात, पांथरी निकामी होते, जंतुसंसर्ग जडतात आणि पेशी लवकर फुटत असल्यामुळे अंगातील रक्त कमी होते. शिकागोच्या डॉ. जेम्स हेरिक यांनी १९१० साली या पेशींचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. १९४९ साली लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा दोष हिमोग्लोबिनच्या रेणूतच आहे असे दाखविले. पुढे केंब्रिज येथे व्हर्नन इंग्रॅम यांनी तो फरक रेणूच्या एका लहानशा तुकड्यापुरता आहे हे सिद्ध केले आणि पुढील वर्षी तो केवळ एका अमिनो आम्लाचा आहे हे निश्चित केले. इंग्रॅम यांचा पहिला निबंध प्रसिद्ध झाला तो ऑक्टोबर १९५६ मध्ये. म्हणजे ज्या महिन्यात नागपूर व चंद्रपूर येथे आमच्या लोकांनी धम्मदीक्षा घेतली, त्याच महिन्यात. नागपूरच्या शुक्ल व सोळंकी या वैद्यकांनी मध्य भारतात ही विळ्याची पेशी आढळते हे 'लॅन्सेट' या इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकातून १९५८ साली जगापुढे मांडले.

आता अनुवंशाचा हिशेब पाहू. प्रत्येक माणसास हिमोग्लोबिनची एक आज्ञा आईकडून व एक वडिलांकडून मिळते. एकच सदोष असेल तर तो माणूस वाहक होय. तो आजारी नसतो, कष्ट करतो, शिकतो, सामान्य आयुष्य जगतो. दोन्ही सदोष असतील तर आजार होतो. नवरा-बायकोपैकी एकच वाहक असेल, तर त्यांच्या एकाही अपत्यास हा आजार होत नाही. दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणी आजारी मूल होण्याचा संभव चारात एक असतो. म्हणजे आजारी अपत्यात आईचा वाटा जितका, तितकाच बापाचा. सुनेला दोष देणाऱ्या सासूस हे गणित समजावून सांगितले पाहिजे. वर सांगितलेल्या प्रसंगात तो वर वाहक नसता, तर त्या विवाहास तीळभरही हरकत नव्हती. तो वाहक असेल, तर वाहक वधू नाकारून त्याचे रक्त बदलले नाही. दुसरी वधूही वाहक असू शकेल आणि त्यास त्याचा पत्ताही लागणार नाही.

कोणी विचारील, हा दोष आमच्याच समाजात का? हा प्रश्न अनेकांच्या मनात लाज उत्पन्न करतो, म्हणून त्याचे उत्तर स्पष्ट दिले पाहिजे. हा दोष कोणाच्या पापाचा नाही, पूर्वजन्मीच्या कर्माचा नाही, आणि हीन रक्ताचा तर मुळीच नाही. ॲलिसन यांनी १९५४ साली पूर्व आफ्रिकेतील अभ्यासावरून दाखवून दिले की, वाहक माणसास हिवतापाच्या घातक स्वरूपापासून संरक्षण मिळते. जेथे हिवतापाने माणसे मेली, तेथे वाहक अधिक जगले व त्यांची संख्या वाढली. आफ्रिकेत हेच झाले, भूमध्य समुद्राच्या काठी हेच झाले आणि विदर्भाच्या अरण्यपट्ट्यातही हेच झाले. म्हणून हा दोष तेथे बौद्धांत आहे, तसाच गोंड, माडिया व परधानांत आहे, कुणबी व तेली समाजातही आहे. सातपुड्यात भिल्ल व पावरा यांच्यातही आहे. रोगाने जातीचा दाखला पाहिलेला नाही. त्याने डासांचा मुलूख पाहिला आहे.

पुण्यातील प्रश्न मात्र याहूनही व्यापक आहे. बीटा थॅलसेमिया हा दुसरा आनुवंशिक रक्तदोष असून, फाळणीनंतर पिंपरीस येऊन वसलेल्या सिंधी कुटुंबांत त्याचे वाहक तुलनेने अधिक आढळतात. पण तो त्यांच्यापुरताच आहे असे समजणे चूक होय. भारतात सरासरीने दर शंभरात तीन-चार माणसे त्याचे वाहक आहेत आणि त्यांत सर्व जाती व धर्म आले. ज्या बालकास हा आजार पूर्ण स्वरूपात होतो, त्यास दर दोन ते चार आठवड्यांनी परक्याचे रक्त घ्यावे लागते व अंगात साठणारे लोह काढण्याची औषधे आयुष्यभर घ्यावी लागतात. विशेष ध्यानात ठेवण्याजोगी गोष्ट ही की, एकाकडून सिकलसेलचा व दुसऱ्याकडून थॅलसेमियाचा दोष आला तरी मूल आजारी होते. शहर अशा दूरदूरच्या कुळांस एकत्र आणते. म्हणून शहरात एकाच दोषाची तपासणी करून भागत नाही.

येथे आम्हास आमच्याच समाजास एक कडू गोष्ट सांगावयाची आहे. बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्क येथील कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात जातीचे मर्म आपसांतल्या विवाहात आहे, असे प्रतिपादन केले होते. रक्तविज्ञान त्यास आपल्या परीने दुजोरा देते. ज्या लहान वर्तुळात पिढ्यान्पिढ्या सोयरिकी होतात, त्यात दोन वाहकांची गाठ पडण्याचा संभव वाढतो. आणि आतेभाऊ व मामेबहीण यांचा विवाह झाला तर तो आणखी वाढतो, कारण दोघांस एकाच आजोबा-आजीकडून तोच दोष मिळालेला असू शकतो. आपण धर्म बदलला. परंतु सोयरिकीची वही बदलली काय? साडेबारा पोटजातींची नावे विवाह जमविताना आजही दबक्या आवाजात उच्चारली जातात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोटजात मोडणे हे धम्माच्या दृष्टीने कर्तव्य आहे व आरोग्याच्या दृष्टीने हितकर आहे. तथापि प्रामाणिकपणे हेही सांगितले पाहिजे की, केवळ जातीबाहेर विवाह केल्याने तपासणीची गरज संपत नाही. विदर्भात अनेक जातींत वाहक आहेत. तेथे जात वेगळी म्हणून रक्त निर्दोष असे मानता येत नाही.

तपासणीविरुद्ध तीन आक्षेप आमच्या कानी येतात. पहिला असा : "आम्ही पत्रिका पाहणे सोडले, आता ही रक्ताची पत्रिका कशाला?" आक्षेप चतुर आहे, पण खरा नाही. पत्रिका ग्रहांवर भार टाकते व तिची पारख कोणासही करता येत नाही. रक्ताचा अहवाल कोणत्याही चांगल्या प्रयोगशाळेत पुन्हा पडताळून पाहता येतो. कालाम लोकांस भगवान बुद्धांनी ऐकीव गोष्टींवर न विसंबता पारखून घेण्याचा जो उपदेश केला, त्यास ही तपासणी धरूनच आहे. मात्र या आक्षेपात एक इशारा आहे व तो आम्ही मान्य करतो. केवळ मुलींचे रक्त तपासले जाईल आणि वाहक निघालेली मुलगी 'मंगळाची' म्हणून जशी नाकारली जात असे तशी नाकारली जाईल, तर तो अहवाल खरोखरच नवी पत्रिका ठरेल. यावर उपाय सोपा आहे. आधी वराचे रक्त तपासा. तो वाहक नसेल, तर सिकलसेल वा थॅलसेमियाच्या भीतीने वधूचे रक्त तपासण्याचे कारणच उरत नाही. तो वाहक असेल, तर प्रथम त्याच्या घराने आपली मान खाली न घालता ते सांगावे आणि मग वधूची तपासणी मागावी.

दुसरा आक्षेप असा की, सरकारने आमच्या रक्ताची नोंद ठेवली तर ती उद्या आमच्याचविरुद्ध वापरली जाईल. हे भय निराधार नाही. अमेरिकेत १९७० नंतरच्या काही वर्षांत अनेक राज्यांनी काळ्या लोकांसाठी सिकलसेलची तपासणी सक्तीची केली. गुप्तता व समुपदेशन यांची व्यवस्था नव्हती. वाहकास रोगी समजण्यात आले, नोकरीत व विम्यात त्यांना नुकसान सोसावे लागले, आणि तेथील वायुदलाच्या अकादमीचे दार वाहकांस १९८१ पर्यंत बंद होते. १९७२ च्या मध्यवर्ती कायद्याने तपासणी ऐच्छिक असावी हे तत्त्व मान्य केले. याउलट सायप्रस बेटाचे उदाहरण पाहा. तेथे शंभरात सुमारे पंधरा माणसे थॅलसेमियाचे वाहक असत. तेथील चर्चने विवाहापूर्वी तपासणीचा दाखला मागण्यास सुरुवात केली. पण दाखल्यात केवळ तपासणी झाली व सल्ला मिळाला एवढेच नमूद असे, विवाहास मनाई नसे. वाहक जोडप्यांपैकी बहुतेकांनी विवाह केलेच. पुढे गर्भावस्थेतील तपासणीचा आधार घेतला. परिणामी नवीन आजारी बालकांचा जन्म जवळजवळ थांबला. दोन्ही देशांत तपासलेले रक्त सारखेच होते. फरक पडला तो माणसास दिलेल्या मानाने.

तिसरा आक्षेप जीवहिंसेचा. गर्भाची तपासणी करून आजारी गर्भ काढणे शीलास धरून आहे काय, असे काही उपासक विचारतात. कायदा म्हणाल तर १९९४ चा लिंगनिदानविरोधी कायदा हिमोग्लोबिनच्या दोषांसाठी गर्भतपासणीस परवानगी देतो. दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास ती करता येते. आणि १९७१ चा गर्भपाताचा कायदा २०२१ साली अधिक उदार झाला आहे. निर्णय त्या स्त्रीचा आहे. तो तिच्यावर लादण्याचा वा तिच्यापासून हिरावण्याचा अधिकार विहारास नाही, सासरासही नाही. परंतु ज्यांस हा प्रसंगच नको वाटतो, त्यांनी तर विवाहापूर्वीच्या तपासणीचा सर्वांत आधी पुरस्कार केला पाहिजे. कारण तीच त्या दुःखद निवडीची वेळ टाळते.

हिशेब मांडून पाहा. समजा, एखाद्या समाजात शंभरात दहा माणसे वाहक आहेत. तर योगायोगाने जमलेल्या शंभर विवाहांपैकी सुमारे एकाच विवाहात दोघेही वाहक असतील व चारशे जन्मांत सुमारे एक मूल आजारी असेल. म्हणजे तपासणीने नव्व्याण्णव जोडप्यांस निश्चिंतता मिळते आणि एका जोडप्यास वेळीच सावधगिरीची सूचना. एवढ्या लाभासाठी दंडातून थोडेसे रक्त देण्यास कोणती अडचण आहे?

तपासणी कोणती करावी, हेही वाचकांनी जाणून घ्यावे. शिबिरांत बहुधा विद्राव्यता चाचणी करतात. ती सिकलसेलचा दोष आहे एवढेच सांगते. वाहक कोण व आजारी कोण हे तिला सांगता येत नाही, थॅलसेमिया तिला कळत नाही आणि सहा महिन्यांखालील बालकात ती भरवशाची नाही. सबब शिबिरातील चिठ्ठी हा शेवट समजू नये. एचपीएलसी नावाची यंत्रतपासणी करून निश्चित निदान मागावे. थॅलसेमियाचे वाहक पुष्कळदा अंगात रक्त कमी म्हणून वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या घेत राहतात. गोळ्या घेऊनही रक्त वाढत नसेल तर ही तपासणी अवश्य करावी. आणि सर्वांत योग्य वेळ म्हणजे सोयरिकीची बोलणी सुरू होण्यापूर्वीची, महाविद्यालयातील वर्षे. साखरपुडा झाल्यावर आलेला अहवाल मने दुखावतो. आधी आलेला अहवाल केवळ माहिती असते.

जे आज आजारी आहेत, त्यांचे काय? प्रतिबंधाच्या गडबडीत त्यांचा विसर पडणे हा दुसरा अन्याय होईल. हायड्रॉक्सियुरिया या औषधाने अनेकांच्या कळा कमी होतात. लहानपणी पेनिसिलीन, न्यूमोनियाची लस, भरपूर पाणी, थंडीपासून जपणूक व तापात त्वरित उपचार यांनी आयुष्य वाढते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन असे तिचे उद्दिष्ट जाहीर झाले. मोहिमेचा रोख आदिवासी भागांवर आहे व तो योग्यच आहे. परंतु गोंदियाचा मुलगा नारायण पेठेत राहावयास आला म्हणून त्याचे रक्त बदलत नाही; मोहिमेने त्याच्या मागोमाग शहरात आले पाहिजे.

कायद्याकडे पाहा. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आला आणि त्याने मान्य केलेल्या २१ दिव्यांगतांत सिकलसेल, थॅलसेमिया व हिमोफिलिया यांचा समावेश झाला. ठरलेल्या प्रमाणात दिव्यांगता असणाऱ्यांस उच्च शिक्षणात किमान पाच टक्के जागा या कायद्याने राखल्या आहेत. पण सरकारी नोकरीतील चार टक्के राखीव जागा ज्या गटांसाठी आहेत, त्या गटांत रक्तदोषांचे नाव नाही. म्हणजे आमचा तो तरुण शिकताना दिव्यांग आणि नोकरी मागताना धडधाकट! ज्या परीक्षेसाठी तो कळा सोसून अभ्यास करतो, तिच्याच दाराशी कायदा त्याचा हात सोडतो. ही विसंगती दूर करण्याची मागणी आमच्या संघटनांनी लावून धरली पाहिजे.

पुणे महानगरपालिकेकडे आमची मागणी अशी : मध्यवस्तीतील तिच्या रुग्णालयांत व अभ्यासिकांच्या परिसरात ठरलेल्या दिवशी दोन्ही दोषांची पूर्ण तपासणी मोफत व्हावी, ती ऐच्छिक असावी, अहवाल ज्याचा त्याच्याच हाती बंद पाकिटात द्यावा, त्यावर जात लिहू नये, आणि सोबत समजावून सांगणारे शिकलेले माणूस असावे. समाजाकडे आमची मागणी याहून थोडी आहे. विहारांतून होणाऱ्या वधूवर मेळाव्यांत वरपक्षाने प्रथम म्हणावे, "आमच्या मुलाची तपासणी झाली आहे." अहवाल परिचयपत्रावर छापू नये, बोलणी पुढे जातील तेव्हा दोन घरांनी तो परस्परांस दाखवावा.

तो तरुण अजून त्याच खोलीत राहतो व परीक्षेचा अभ्यास करतो. औषध सुरू झाल्यापासून त्याच्या कळा कमी झाल्या आहेत. त्याने अहवाल पुस्तकातून काढून आपल्या सोबत्यांस दाखविला, आणि त्या खोलीतील चौघांनी आपले रक्त तपासून घेतले. त्यांत एक वाहक निघाला. त्याचे लग्न अजून ठरावयाचे आहे. वधूच्या घरी आपण होऊन हे सांगण्याचे त्याने ठरविले आहे. आमच्या प्रत्येक घरातील मुलाने एवढे धैर्य दाखविले, तर त्या बहिणीची मोडलेली सोयरीक अगदीच व्यर्थ गेली असे म्हणावे लागणार नाही.